जोखीम काय फक्त मालकच घेतो?

मालक जोखीम घेतो म्हणून संपत्तीवर हक्क त्याचाच, हे एका लेखात वाचलेलं वाक्य अजिबात पटलं नाही. माझे वडील कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत भट्टीवर होते, वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम, ठिणग्या उडून हातावर डाग पडलेत ते कायमचे, ही जोखीम नाही तर काय? आणि कंपनी बुडाली तेव्हा प्रायव्हेट लिमिटेड असल्यामुळं (म्हणजे मालकाची जबाबदारी गुंतवलेल्या भांडवलापुरतीच) मालकाचा बंगला शाबूत, कामगारांचे पगार मात्र थकले ते थकलेच.

धंदा उभा करणाऱ्याला जास्त मिळावं हे मान्यच, पण 1910 ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोडच्या माळावर, म्हणजे आताच्या किर्लोस्करवाडीत, कारखाना काढला तेव्हा कामगारांसाठी वसाहतपण उभारली ना? वडील अजून ग्रॅच्युइटीसाठी चकरा मारतायत.