सफरचंदाचे चिप्स १० मिनिटांत? बेळगावच्या पावसात तरी नाहीच

तो मेसेज मला चार ठिकाणांहून आला. आधी भिशीच्या ग्रुपवर, मग माहेरच्या, मग निपाणीच्या नणंदेकडून, आणि शेवटी आमच्या अक्कानं पाठवला. खाली तिची पुरवणी: "तुझ्याकडं मशीन हाय की गे, करून बघ आणि सांग."

मजकूर थोडक्यात असा. कुठलंही फळ घ्या, काप करा, एअर फ्रायरमध्ये २०० डिग्रीला १० मिनिटं ठेवा, हलके कुरकुरीत चिप्स तयार. तेल नाही म्हणून कॅलरी नाहीत. उष्णतेनं फळातली साखर उडून जाते, तेव्हा शुगरवाल्यांनीही पोटभर खावेत. जीवनसत्त्वं शंभर टक्के शाबूत. डब्यात सहा महिने टिकतात. आणि दुकानातल्या महागड्या पाकिटासारखेच लागतात.

यातली एकच गोष्ट खरी आहे: तेल नाही. मी मशीनच्या विरोधात नाही. आमच्या वडगावच्या घरात ते आठवड्यातून तीनदा तरी चालतं. म्हणूनच हा मेसेज वाचून गप्प बसवेना.

१० मिनिटांपासूनच सुरुवात करते, कारण तो प्रयोग मी करून चुकले आहे. मशीन नवीन आणलं तेव्हा असंच कुठंतरी वाचून सफरचंदाचे काप २०० डिग्रीला लावले. आठव्या मिनिटाला घरभर काकवी करपल्याचा वास. बाहेर काढले तर कडा काळ्या, मध्यभाग ओला, आणि तीन काप गायब. ते वाऱ्यानं उडून वर कॉइलला चिकटले होते. मशीन थंड झाल्यावर उलटं करून ते खरवडून काढण्यात माझी दुपार गेली.

असं का झालं, ते समजलं की बाकीचा मेसेज आपोआप सुटतो. सफरचंदात १०० ग्रॅमला साधारण ८५ ग्रॅम पाणी असतं. काप कुरकुरीत व्हायचा म्हणजे हे जवळजवळ सगळं पाणी बाहेर पडलं पाहिजे. पृष्ठभागावरचं पाणी लगेच उडतं. आतलं मात्र सावकाश झिरपत बाहेर येतं, त्याला घाई करून चालत नाही. आच मोठी ठेवली की वरची बाजू आधी सुकून कडक होते, आतली वाफ आतच कोंडते, आणि तोवर कडेची साखर जळायला लागते. सफरचंदातली बरीचशी साखर फ्रुक्टोज असते आणि ती साध्या साखरेपेक्षा पुष्कळ लवकर, ११० डिग्रीच्या आसपासच, रंग बदलू लागते. २०० डिग्रीला तिचं काय होत असेल ते माझ्या कॉइलला विचारा.

घोटाळा नावातही आहे. फिलिप्सनं २०१० साली हे यंत्र बाजारात आणलं तेव्हापासून 'फ्रायर' हा शब्द रूढ झाला, पण आत तळणं काहीच होत नाही. वर कॉइल, त्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. म्हणजे ही जोराचा वारा असलेली छोटी भट्टी. तेल पदार्थाला चहूबाजूंनी भिडतं आणि उष्णता झटकन देतं. हवा तेवढ्याच डिग्रीला असली तरी फार सावकाश देते. कढईच्या वरच्या गरम हवेत आपण हात धरून तेल तापलं का ते बघतोच ना? तोच हात तेलात घालून बघायची कुणाची तयारी आहे? तळणीत वेफर्सचा घाणा चार-पाच मिनिटांत निघतो, म्हणून हवेतही तसाच निघेल असं धरून चालणं ही या मेसेजची पहिली चूक. बाकीच्या तिच्याच पोटातून आलेल्या आहेत.

मग वेळ किती लागतो? माझ्याकडं असा: वेफर्सच्या किसणीवर दोन मिलिमीटरचे काप, बिया काढून. लिंबू पिळलेल्या पाण्यात पाच मिनिटं, म्हणजे काळे पडत नाहीत. पंच्यावर पसरून कोरडे करायचे. टोपलीत एकच थर, वर स्टीलची जाळी उपडी, म्हणजे उडत नाहीत. ९० डिग्रीला ४० मिनिटं, मग उलटायचे, मग आणखी २५ ते ३०. चार लिटरच्या टोपलीत एका घाण्याला एकच सफरचंद मावतं; दोन सफरचंदांना अडीच तास जवळपास गेले. बऱ्याच मशीनचा सगळ्यात कमी आकडा ८० असतो. ज्यात ६० डिग्रीचा सुकवणीचा मोड आहे त्यात आणखी वेळ लागतो, पण रंग सुरेख राहतो. मध्येच लाईट गेली, तर अर्धवट सुकलेला घाणा आत झाकून ठेवू नका, बाहेर काढून पसरा. आत ठेवला की त्याच्याच वाफेनं मऊ पडतो.

आणखी एक, जे त्या मेसेजमध्ये असायलाच हवं होतं. गरम असताना काप कधीच कुरकुरीत लागत नाही. चिक्कीचा पाक तापलेला असताना ओढला की लांबतो, गार झाल्यावर कटकन मोडतो, तशीच ही साखर. "मऊच आहे अजून" म्हणून पुन्हापुन्हा आत ढकलाल तर करपेल. एक काप बाहेर काढा, दोन मिनिटं थांबा, मोडून बघा. आवाज आला की झालं.

आता 'कुठलंही फळ' या दोन शब्दांकडं. आमच्या सासूबाई खानापूरकडच्या, घरामागं फणसाची दोन झाडं, एक कापा (घट्ट गऱ्याचा) आणि एक बरका (मऊ, रसाळ गऱ्याचा). त्यांना मी हा मेसेज वाचून दाखवला. त्या एवढंच म्हणाल्या, "पिकलेला गरा वाळवला तर पोळी होते, चिप्स कशी होतील गे?" अख्ख्या प्रतिवादाचं सार खरं तर त्यांनी तिथंच सांगून टाकलं. बरक्या फणसाचा रस ताटात पसरून उन्हात वाळवला की फणसपोळी होते: लवचिक, चिवट, गोड. ती मोडत नाही, गुंडाळता येते. तळलेले गरे होतात ते कच्च्या काप्या फणसाचे. कच्च्या फळात पिठूळपणा असतो, म्हणजे स्टार्च. तो शिजून सुकला की कडक, पोकळ सांगाडा उभा राहतो आणि दाताखाली मोडतो. फळ पिकतं तेव्हा हाच स्टार्च साखर होतो. सांगाडा गेला, चिकटपणा आला.

केळ्याचंही तेच. बाजारातले पिवळे खारे वेफर्स कच्च्या केळ्याचे असतात, पिकलेल्याचे नव्हे. गणपत गल्लीतून डझनभर पिकलेली केळी आणून एअर फ्रायरमध्ये घातलीत तर सुकेळी मिळतील. चांगली लागतात, मी खाते, पण त्यांना चिप्स म्हणू नका. चिकू गूळ होऊन जाळीला बसतो. अननस चामडं होतो. स्ट्रॉबेरीत पाणी एवढं की टोपलीभर घातली तर मूठभर लाल पापुद्रे उरतात. चव मात्र झकास, दह्यावर घालायला. पेरूचे काप होतात, पण बिया दगडासारख्या कडक. सफरचंद जमतं, पेअर बऱ्यापैकी जमतं. कच्चं केळं आणि कच्चा गरा जमतो, पण त्यांना चमचाभर तेल चोळावं लागतं, नाहीतर खडूसारखे कोरडे लागतात. म्हणजे जिथं कुरकुरीतपणा सहज येतो तिथंच 'शून्य तेल' बिघडतं. आणि रताळं फळ नसलं तरी सांगतेच, कारण आपल्या बेळगावच्या लाल मातीतली रताळी नवरात्राच्या आगेमागे बाजारात येतात आणि उपासाला सगळ्यांनाच काहीतरी हवं असतं: पातळ काप, एक चमचा तेल, १६० डिग्री, १५ मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. १० मिनिटांच्या जवळपास जाणारा एवढाच एक पदार्थ माझ्या बघण्यात आहे.

कॅलरी आणि साखरेचा मुद्दा मात्र गमतीवारी नेण्यासारखा नाही, कारण मेसेज पुढं ढकलणाऱ्यांत शुगरवाल्यांच्या घरचेच जास्त होते. मी वजन करून बघितलं. दोन सफरचंदांचे काप ३०० ग्रॅम. सुकल्यावर ४५ ग्रॅम. जे २५५ ग्रॅम गेले ते पाणी. साखर उडत नाही. ती वाफ होऊन जाणारी वस्तूच नाही. ती फार तर जळते, आणि जळली तर तोंडात कडू लागेल, तेव्हा तुम्हीच ते काप टाकून द्याल. ताज्या सफरचंदात १०० ग्रॅमला साधारण ५२ कॅलरी आणि १० ग्रॅम साखर. म्हणजे त्या ३०० ग्रॅममध्ये १५० च्या वर कॅलरी आणि ३० ग्रॅम साखर होती, आणि ती सगळी आता ४५ ग्रॅममध्ये बसली आहे. डब्यातल्या चिप्सचं जवळपास दोन-तृतीयांश वजन साखरेचं! तेल नसल्यामुळं तळलेल्या वेफर्सपेक्षा कॅलरी कमी आहेत हे कबूल. पण सफरचंद आपण तळत कधी होतो? जे तेल घालायचंच नव्हतं ते वाचवल्याचं कौतुक कसलं?

अक्काच्या यजमानांना शुगर आहे. त्यांच्यासाठी मी तिला साधा हिशोब सांगितला: चिप्स मोजू नको, सफरचंदं मोजायची. दाजी एका बैठकीला एक सफरचंद खात असतील तर एका सफरचंदाचे काप, एवढंच. अख्खी तीन सफरचंदं चावून खायची म्हटली तर जबडा दुखतो, पोट भरतं, माणूस आपोआप थांबतो. तीन सफरचंदांचे चिप्स टीव्हीसमोर कधी संपले ते कळत नाही. चोथा तेवढाच राहतो ही जमेची बाजू, पण तो साखरेला गायब करत नाही.

जीवनसत्त्वांचं थोडक्यात. क जीवनसत्त्व उष्णता आणि वारा दोन्हींना भितं, आणि हे मशीन दोन्ही देतं; शंभर टक्के राहायचा प्रश्नच नाही. पोटॅशियमसारखे क्षार आणि चोथा टिकतात. सफरचंदात क जीवनसत्त्व मुळात १०० ग्रॅमला पाचेक मिलिग्रॅमच, त्यामुळं तिथं गमावण्यासारखं फार नाही. पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर असतं. त्याला मीठ-तिखट लावून तसाच खावा, तो सुकवायचं पाप कशाला?

राहिले सहा महिने. ज्यानं हे लिहिलं त्यानं बेळगावचा जुलै बघितलेला नाही. इथं मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते. खानापूर-कणकुंबीकडं तर विचारूच नका. अशा हवेत सुकलेलं गोड फळ म्हणजे ओल ओढणारा टिपकागद. फ्रुक्टोजला हवेतला दमटपणा ओढायची मोठी हौस. पापड सादळायला दिवस लागत असेल तर सफरचंदाचे चिप्स उघड्या ताटलीत अर्ध्या तासात सादळतात. मी मोजलं आहे, पाहुणे येईपर्यंत ताटली मऊ झाली होती. पूर्ण गार झाल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरले तर आमच्याकडं पावसाळ्यात आठवडाभर, मार्च-एप्रिलात दोन-तीन आठवडे चांगले राहतात. गरम असताना भरलेत तर वाफ धरून तिथंच बिघडतील. सादळले तर ९० डिग्रीला पाच-सात मिनिटं, पुन्हा गार करून बघा. पण मध्यभाग मुळातच ओला राहिलेले काप महिनाभर ठेवले तर बुरशी येणार, आणि ती पहिल्यांदा डोळ्यांना दिसत नाही.

आणि ते दुकानातलं पाकीट. त्यातले फुलासारखे हलके, तोंडात विरघळणारे स्ट्रॉबेरीचे किंवा आंब्याचे तुकडे गोठवून सुकवलेले असतात: फळ आधी कडक गोठवतात, मग हवा काढून घेतलेल्या पेटीत त्यातल्या बर्फाची न वितळता थेट वाफ करतात. बर्फाच्या जागी पोकळी राहते, फळ आक्रसत नाही, म्हणून ते हलकं. पिकलेल्या फणसाचे कुरकुरीत गरे मिळतात तेही बहुतेक कमी दाबाखाली, कमी उष्णतेला तळलेले असतात, आणि पाकिटामागं तेल लिहिलेलं असतं, वाचून बघा. आपल्या ओट्यावरच्या मशीनमध्ये फळ आक्रसतच सुकतं. त्याचे काप पातळ, कडक, कटकन मोडणारे होतात. छान लागतात. वरून दालचिनी भुरभुरली तर माझा मुलगा शाळेच्या डब्यात मागून नेतो.

अक्काला हे सगळं व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं, सात मिनिटांचा झाला. तिचं उत्तर आलं: "बरं, ते ९० डिग्रीचं तेवढं लिहून पाठव. आणि जाळी कुठनं घेतलीस?" जाळी खडेबाजारात भांड्यांच्या दुकानात मिळते. टोपलीचं माप घेऊन जा. माझी पहिली जाळी दोन बोटं मोठी निघाली, आता तिच्यावर मी पोळ्या गार करते.