आधी मान बघ

आज सकाळी बेळगावच्या उद्यमबागेत चहाच्या गाड्यावर एका ओळखीच्या काकांनी भाच्याच्या गळ्यातली, हात अडकवलेली झोळी बघितली आणि चारचौघांत म्हणाले, "असल्या पोरांच्या गाड्याच जप्त करायला पाहिजेत." पोरगं मान खाली घालून उभं. वयाचा मान ठेवून मी गप्प बसलो. पण दिवसभर कामात हात चालेना, म्हणून लिहितोय.

काका, तो रस्त्यावर पडलेला नाही. येळ्ळूरला आमच्या रानात पडला, भात निघाल्यावर, मी स्वतः वेल्डिंग केलेल्या रॅम्पवरून मोटरसायकल उडवताना. उतरणीला अर्धा फूट कमी पडला. मी धावत जाऊन हेल्मेट काढायला हात घातला तर ओरडला, "मामा, थांब! आधी मान बघ." गळ्याजवळचं हासळीचं हाड मोडलेलं, तरी भान कशाचं, तर हेल्मेट ओढताना मान दुखावू नये याचं.

ही मस्ती आहे? कॉलेजसमोर चाक उचलणारी बिनहेल्मेटची पोरं वेगळी. त्यांना धरा, मीच दोन ठेवून देतो.

रॅम्पवरून गाडी उडवून हवेत कसरती करायच्या, या खेळाला फ्रीस्टाइल मोटोक्रॉस म्हणतात. त्याची गाडी शंभर किलोच्या आसपास, ना हेडलाइट ना आरसे. मोठ्या स्पर्धेत रॅम्प ते उतरण 75 फूट, आणि तेवढ्यात हवेत हात सोडायचे, पाय सोडायचे, गाडीसकट उलटं फिरायचं. भाच्याकडं सेकंडहँड एक्सपल्स मोटरसायकल, दीडशे किलोच्या वरची. तिच्यावर तो नुसती सरळ उडी शिकतोय. "हवेत गॅस दिला की नाक वर येतंय मामा, मागचा ब्रेक दाबला की खाली," हे मला त्यानं चांगल्या हातानं करून दाखवलं. अमेरिकेच्या ट्रॅव्हिस पास्ट्रानानं 2006 मध्ये लॉस एंजेलिसला एक्स गेम्स या मोठ्या स्पर्धेत एकाच उडीत गाडीसकट दोन उलट्या कोलांट्या मारल्या, त्याच्या आधी तो सरावाच्या, फोमचे तुकडे भरलेल्या खड्ड्यात किती वेळा आपटला असेल!

धोका आहे, मान्य. जेरेमी लस्क एक्स गेम्सचा सुवर्णपदकवाला, 2009 मध्ये कोस्टा रिकात पडून गेला. आक्कानं हे कुठंतरी वाचलं, तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या लागल्या की हेच काका पहिल्या रांगेत! तिथं मान मुरगळत नाही? पैलवानाला पडायला आपण माती उकरून मऊ करून देतो. या पोराला काय दिलं? त्यानं स्वतः भाताचं पिंजर पसरून घेतलं, तेही चार बोटं जाड. रॅम्प करणारा मी. फोमचं मला सुचायला पाहिजे होतं.

"आधी मान बघ." एकोणीस वर्षांचं पोर, दुखणं गिळून. कुणी मास्तर नाही, व्हिडिओ बघून शिकलेलं. काका, तुम्हाला फक्त झोळी दिसली.

आक्का म्हणते रॅम्प भंगारात घाल. संध्याकाळी मी रॅम्पला गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साईड मारला. शहापूर, वडगाव, खानापूरकडं कुणाकडं जुन्या गाद्या-सोफ्यांचा फोम पडून असेल तर टाकू नका. टेम्पो घेऊन मी येतो.