महागड्या गाडीचा विमा स्वस्तात मिळतो, फक्त कात्री योग्य जागी लावा

गाडी महाग म्हणजे विमाही महागच, असं गृहीत धरून सही करून मोकळे होणारे लोक मला नेहमी भेटतात. मी नागपुरात सीए आहे. रामदासपेठेतले डॉक्टर, वाडीकडचे ट्रान्सपोर्टवाले, काटोल-वरुडचे संत्र्याचे व्यापारी माझ्याकडे हिशेबाला येतात. गाडीच्या विम्याची पावती फायलीला लावताना आकडा डोळ्यांखालून जातोच. एकच मॉडेल, एकच वर्ष, दोन्ही गाड्या एमएच ४९, आणि एकाचा हप्ता दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट! जास्त भरणाऱ्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मॅडम, शोरूमवाल्यानं जेवढं सांगितलं तेवढं भरून टाकलं." दुसऱ्या टोकाला काही जण हप्ता इतका खाली आणतात की पॉलिसी उघडून पाहिल्यावर पोटात गोळा येतो.

स्वस्त विमा मिळतो. मर्सिडीजचा मिळतो, बीएमडब्ल्यूचाही मिळतो. पण पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे अजिबात वाचवायचा नाही, हे आपल्याकडे बरोब्बर उलटं चालतं.

आधी हप्त्यात काय काय असतं ते बघा. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा, भाग सरकार ठरवतं. जून २०२२ च्या दरांप्रमाणे १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला वर्षाला ७,८९७ रुपये, आणि नवी गाडी घेताना तीन वर्षांचे एकदम २४,५९६. तुमची गाडी पंधरा लाखांची असो की सत्तर लाखांची, इंजिन १५०० सीसीच्या वर असलं की हा आकडा तोच, कंपनी कोणतीही असो. इथे घासाघीस करायला जागाच नाही. खरा खेळ आहे 'ओन डॅमेज'चा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा.

हे दर १ जानेवारी २००७ पासून मोकळे झाले, म्हणजे कंपन्या ते स्वतः ठरवू लागल्या. तरी बऱ्याच ठिकाणी हिशेब अजून जुन्या टॅरिफवरून, म्हणजे तेव्हाच्या ठरवून दिलेल्या दरपत्रकावरून, सुरू होतो आणि त्यावर 'डिस्काउंट' दिला जातो. त्या टॅरिफमध्ये देशाचे दोन झोन आहेत. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद ही आठ शहरं झोन ए मध्ये, आणि आपलं नागपूर झोन बी मध्ये. १५०० सीसीच्या वरच्या, पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला झोन ए चा दर ३.४४० टक्के, झोन बी चा ३.३४३. पुण्यातल्या भावाला मिळालेला विम्याचा कोट (कंपनीनं कळवलेला हप्त्याचा आकडा) समोर ठेवून "त्यालाही एवढंच लागलं" म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

आता एक उदाहरण करून बघू. गाडीची शोरूम किंमत ६० लाख, वय दोन ते तीन वर्षांच्या मधलं. विम्यासाठी ३० टक्के घसारा धरला तर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, येते ४२ लाख. ३.३४३ टक्क्यांनी मूळ हप्ता १,४०,४०६ रुपये. एका कंपनीनं ६० टक्के सूट दिली तर उरले ५६,१६२, दुसरीनं ७५ टक्के दिली तर ३५,१०१. दोन वर्षं क्लेम नाही म्हणून २५ टक्के नो क्लेम बोनस वजा करा. पहिलीकडे ४२,१२२, दुसरीकडे २६,३२६. गाडी तीच, आयडीव्ही तीच, आणि फरक पंधरा हजारांच्या वर, तोही १८ टक्के जीएसटी लावायच्या आधी. म्हणून "साठ टक्के डिस्काउंट देतोय सर" हे ऐकून खूश होण्यात अर्थ नाही. टक्के विचारू नका, आयडीव्ही आणि ॲड-ऑन (जादा पैसे भरून घेतलेली कव्हर) सारखे ठेवून शेवटचा आकडा विचारा, आणि निदान तीन-चार कंपन्यांचा विचारा.

शोरूममध्ये हमखास ऐकू येतं, "विमा बाहेरून घेतला तर आमच्याकडे कॅशलेस होणार नाही." म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनी परस्पर भरणार नाही. विमा शोरूममधूनच घ्या अशी सक्ती विक्रेत्याला करता येत नाही, आयआरडीएआयचे, म्हणजे विमा नियामकाचे, नियम याबाबत स्पष्ट आहेत. कॅशलेस मिळतं ते विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर. त्यामुळे ज्या कंपनीचा कोट आवडला तिचा करार त्या वर्कशॉपशी आहे का, एवढं ईमेलवर लेखी विचारून घ्या. विक्रेत्याच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. अपघातानंतर धावपळ करायची वेळ येते तेव्हा त्यांच्याकडे एक माणूस बसलेला असतो, आणि वेळ नसलेल्या माणसाला त्याची किंमत आहे. पण बाहेरचा कोट टेबलावर ठेवला की त्यांचाही आकडा बहुतेक वेळा खाली येतो. मागायला लाजू नका.

सगळ्यात जास्त पैसा मात्र लोक सोडून देतात तो नो क्लेम बोनसमध्ये. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. क्लेम न केल्याच्या पहिल्या वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि पाच वर्षांनी ५०. एखादा माणूस सात-आठ वर्षं साधी वॅगनआर चालवतो, क्लेम करत नाही, ५० टक्क्यांवर पोचतो. मग वॅगनआर विकून ६० लाखांची गाडी घेतो, आणि तो ५० टक्के बोनस या नव्या गाडीला लावता येतो हे त्याला कुणी सांगतच नाही. नव्या गाडीची आयडीव्ही ५७ लाख धरा. जुन्या टॅरिफनं हप्ता १,९०,५५१, त्यावर ६० टक्के सूट धरली तर ७६,२२०. त्याच्या निम्मे म्हणजे ३८,११० रुपये फक्त एका कागदावर वाचतात. जुनी गाडी विकल्याचा पुरावा देऊन आधीच्या कंपनीकडून बोनसचं प्रमाणपत्र घ्यायचं. ते तीन वर्षं चालतं. माझ्या एका अशीलाला हे विचारलं तर म्हणाले, "गाडीच विकून टाकली मॅडम, आता तिच्या विम्याचं काय घेऊन बसता!" सोबत बसलेल्या काकूंनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावून जुनी पॉलिसी शोधायला सांगितलं.

यात दोन अडचणी येतात. बोनस वडिलांच्या नावावर आणि नवी गाडी मुलाच्या नावावर, असं चालत नाही. वडील हयात नसतील आणि गाडी वारसाकडे आली असेल तर गोष्ट वेगळी. दुसरी अडचण माझ्या धंद्यातली. आयकरात घसाऱ्याचा फायदा मिळावा म्हणून गाडी प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर घेतली की तुमचा वैयक्तिक बोनस तिला लागू होत नाही. शिवाय अशा गाडीच्या विम्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट साधारणपणे मिळत नाही. कुणाच्या नावावर घ्यायची हे ठरवताना हे दोन्ही आकडे मांडून बघा.

बोनस जपायचा असेल तर बारीकसारीक क्लेम टाळा. नागपूरच्या सदर भागातल्या गर्दीत बंपर घासला, दहा-बारा हजारांचं बिल आलं, आणि लगेच क्लेम टाकला, तर ५० टक्क्यांचा बोनस पुढच्या वर्षी शून्यावर येतो. वरच्याच ४२ लाखांच्या गाडीवर ६० टक्के सूट धरली तरी हे २८ हजारांचं नुकसान आहे. आणि बोनस नसताना "आहे" असं प्रपोजलमध्ये लिहून देणं, जे एजंट सर्रास सुचवतात, ते कधीही करू नका. क्लेमच्या वेळी कंपनी आधीच्या कंपनीकडून माहिती मागवते आणि मग लाखोंचा क्लेम अडकतो.

आता कात्री कुठे लावायची नाही ते. आयडीव्हीला हात लावू नका. वरच्याच गाडीची आयडीव्ही ४२ लाखांवरून ३४ लाखांवर आणली तर ७५ टक्के सूट आणि २५ टक्के बोनस धरून हप्त्यात फरक पडतो साधारण पाच हजारांचा. पाच हजारांसाठी चोरी किंवा पूर्ण नुकसानीच्या वेळी आठ लाख सोडायचे! वर दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या पुढे गेला की गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. आयडीव्ही कमी ठेवली तर ही रेषा साडेएकतीस लाखांवरून साडेपंचवीस लाखांवर येते. दुरुस्त होऊ शकणारी गाडी हातची जाते आणि मिळालेल्या पैशात बँकेचं कर्जही फिटत नाही. आयडीव्ही खाली आणून "स्वस्त" दिलेला कोट मी ग्राहकाची दिशाभूलच मानते.

झिरो डेप्रिसिएशनही, म्हणजे पार्टचा घसारा न कापता पैसे देणारं कव्हरही, सोडू नका. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यांना ५० टक्के कापून पैसे मिळतात. या गाड्यांच्या एका हेडलॅम्पचं बिल लाखाच्या पुढे जाऊ शकतं. त्याचे निम्मे तुम्ही खिशातून भरणार असाल तर विमा घेतला कशाला?

आणि नागपूरकरांनी इंजिन प्रोटेक्शन तर सोडूच नये. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडलेला, नाग नदी रस्त्यावर, अंबाझरी लेआऊटपासून सीताबर्डीपर्यंत पाणीच पाणी. त्या दिवशी दुपारी मी एका ओळखीच्या डॉक्टरांच्या बेसमेंटमध्ये होते. पाणी ओसरलं होतं. त्यांच्या गाडीच्या सीटवर बोटभर गाळ, दाराच्या कप्प्यात चिखलानं भरलेली पाण्याची बाटली, आणि काचेवर पाणी कुठवर चढलं होतं त्याची तपकिरी रेघ. माझ्या आधी पोचलेल्या कुणीतरी सुचवलं होतं, "एकदा स्टार्ट करून बघा ना." डॉक्टरांनी बटन दाबलं होतं. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीनं आतली सफाई, वायरिंग, सीट यांचे पैसे दिले. इंजिनाचे दिले नाहीत. ते नुकसान पुरामुळे नाही, पूर ओसरल्यावर गाडी सुरू केल्यामुळे झालं, असं त्यांचं म्हणणं, आणि इंजिनाचं कव्हर पॉलिसीत नव्हतं. काही हजारांचं ते ॲड-ऑन हप्ता कमी करताना काढून टाकलेलं होतं. इंजिनाचं एस्टिमेट हातात घेऊन ते किती तरी वेळ काही बोललेच नाहीत. मला अजूनही वाईट वाटतं, कारण त्या दिवशी या शहरात असं अनेकांचं झालं असणार.

तेव्हा गाडीत पाणी शिरलं तर बटनाला हात लावू नका. फोटो काढा, कंपनीला कळवा, टो करून न्या. कव्हर असलं तरी हेच करा.

समृद्धीवरून जाणाऱ्यांसाठी आणखी एक. नुसता टायर फुटला आणि बाकी गाडीला काही झालं नाही, तर मूळ पॉलिसीत टायरचे पैसे मिळत नाहीत. महिन्यातून दोनदा मुंबई करणाऱ्यानं टायर कव्हर घ्यावं, गाडी धरमपेठ ते सिव्हिल लाइन्स एवढीच फिरत असेल तर नको. ज्या ब्रँडचं वर्कशॉप नागपुरात नाही, त्या गाडीला हैदराबाद किंवा पुणे गाठावं लागतं. तेव्हा टोइंग किती किलोमीटरपर्यंत मिळेल हे विचारून ठेवा. हैदराबाद आपल्यापासून ५०० किलोमीटर आहे.

काढून टाकायचं ते हे: सामानाचं कव्हर, गाडी वर्कशॉपमध्ये असतानाचा रोजचा भत्ता, आणि गाडीच्या कंपनीच्या वॉरंटी पॅकेजमध्ये आधीच मिळालेला रोडसाइड असिस्टन्स. पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर आधीच दुसरीकडे असेल तर तेही परत नको. वर्षाला गाडी फार चालत नसेल तर किलोमीटरवर आधारित योजना विचारा. घरात तीन गाड्या असलेल्यांची मोठी गाडी बहुतेक वेळ पार्किंगमध्येच उभी असते, त्यांना ही योजना परवडते.

सेकंड हँड घेणाऱ्यांची काळजी मला जास्त वाटते. दिल्लीहून आलेली, नव्या क्रेटाच्या भावात मिळालेली जर्मन गाडी आता नागपुरात सगळीकडे दिसते. गाडीचा भाव उतरला तरी तिच्या पार्टचा भाव उतरत नाही. मालकी बदलल्यावर १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला अर्ज करा. तो केला नाही तर थर्ड पार्टीचं संरक्षण राहतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. विकणाऱ्याचा बोनस तुम्हाला मिळत नाही, त्याचा फरक भरावा लागतो. आणि गाडी पाच वर्षांच्या वरची असेल तर तिला झिरो डेप मिळतं का, हे टोकन देण्याआधी विचारा. ते मिळणार नसेल तर त्या किमतीत ती गाडी मी तरी घेणार नाही.

पॉलिसी संपू देऊ नका. ती संपली की गाडीची तपासणी आली, आणि ९० दिवस उलटले की साठवलेला सगळा बोनस गेला. दिवाळीच्या सुमारास गाड्या घेतलेल्यांची मुदत त्याच दिवसांत संपते आणि नेमका तेव्हाच कुणाला कागद बघायला वेळ नसतो. तुमची मुदत जवळ आली असेल तर कोट मला इनबॉक्समध्ये पाठवा. नाव, गाडीचा नंबर, मोबाइल झाकून पाठवा. जुनी पॉलिसीही सोबत जोडा, नुसत्या कोटवरून काही कळत नाही. रविवारी बसून बघते.