हेअर ड्रायरने लॅपटॉप सुरू होत नाही. उरलेल्या सहा उपायांचंही जरा बघू

'लॅपटॉप चालू होत नाही? दुकानात जाण्याआधी हे ७ उपाय करा' हा निरोप घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. पहिल्या दोन वेळा दुर्लक्ष केलं. या वेळी काकांनी तो थेट पुतणीला पाठवलाय, वर 'लगेच करून बघ' असं लिहून. तिच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये तिचा अर्धा प्रबंध आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. म्हणून हे उत्तर.

निरोप थोडक्यात असा. एक, बॅटरी काढा आणि पॉवर बटण ६० सेकंद दाबून धरा. दोन, रॅम (चालू कामाची मेमरी असलेली पट्टी) खोडरबराने घासा. तीन, पिन बसेल तो चार्जर लावून बघा. चार, मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर) हेअर ड्रायरची गरम हवा १० मिनिटं मारा, 'सुटलेले जोड पुन्हा जुळतात'. पाच, हार्ड डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सहा, बायोसचा (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा) सेल काढून घाला. सात, तरीही नाही झालं तर विंडोजला रिसेट मारा, 'फाइल्स जात नाहीत'. आणि शेवटी नेहमीची फोडणी: दुकानदार हे तुम्हाला सांगणार नाहीत.

मुळात 'चालू होत नाही' हा एक आजार नाही. बटण दाबल्यावर दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही, तर दोष चार्जर, चार्जिंगचा जॅक, बॅटरी किंवा बोर्डाच्या वीजपुरवठ्यात. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते, तर रॅम, डिस्प्ले किंवा बोर्ड. कंपनीचं चिन्ह येऊन तिथेच अडकतं, तर बहुधा डिस्क किंवा बायोसची सेटिंग. विंडोजचे ठिपके गोल फिरत राहतात किंवा निळी स्क्रीन येते, तर बहुतेक वेळा सॉफ्टवेअर, नाहीतर डिस्क. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख विंडोज यंत्रं अशीच निळ्या स्क्रीनवर अडकली होती. इलाज होता सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टी घेऊन सुरू होणाऱ्या विंडोजमध्ये) जाऊन एक फाइल पुसण्याचा. त्या दिवशी कोणी खोडरबर घेऊन बसलं असतं तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, इतकंच झालं असतं.

आता चौथा मुद्दा आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

२००६च्या जुलैपासून युरोपात शिशाच्या वापरावर निर्बंध आले आणि जगभरच्या कारखान्यांनी बिनशिशाचं सोल्डर (बोर्डावरचे जोड ज्याने डागतात तो धातू) धरलं. त्यातलं सर्रास वापरलं जाणारं मिश्रण साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळायला लागतं. जुनं शिसं-कथिलाचं मिश्रणही १८३ अंशांआधी वितळत नव्हतं. कारखान्यातल्या भट्टीत बोर्ड टप्प्याटप्प्याने तापवून २४०च्या आसपास नेतात, तेही फ्लक्स (जोड स्वच्छ करणारा लेप) लावून आणि सगळीकडे सारखी उष्णता देऊन. हेअर ड्रायरची हवा शंभराच्या आसपास घुटमळते. म्हणजे जोड 'पुन्हा जुळण्याचा' प्रश्नच येत नाही. त्याआधी मऊ पडतात ते प्लास्टिकचे कनेक्टर, रिबन केबलच्या कडा आणि स्क्रीनच्या कडेचा गोंद. शेजारी बॅटरी असते. लिथियम सेल ६० अंशांच्या वर तापवू नयेत, असं उत्पादक स्वतः लिहून ठेवतात. सेल फुगला, फुटला, तर आग विझवायला ग्रुपवर कोणी येणार नाही.

'पण आमच्याकडे झाला होता चालू!' होतो, कधीकधी. त्याची कारणं वेगळी आहेत. तडा गेलेला जोड गरम झाल्यावर प्रसरण पावून तात्पुरता टेकतो आणि थंड झाला की पुन्हा सुटतो. किंवा आत ओल असते, ती सुकते. आणि सगळ्यात नेहमीचं कारण असं की बोर्डापर्यंत पोहोचायला माणूस आधी बॅटरीची केबल काढतो. तेवढ्याने बोर्डावरचा अडकलेला कंट्रोलर (पॉवर बटण सांभाळणारी चिप) रिसेट होतो. काम केबल काढण्याने झालेलं असतं, श्रेय ड्रायर घेऊन जातो.

या कल्पनेला जोर मिळाला तोही एका खऱ्या दोषामुळे. २००८ साली एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिपच्या सदोष पॅकेजिंगसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. तेव्हा असे लॅपटॉप ओव्हनमध्ये भाजण्याचे प्रयोग फार झाले. पण तो दोष चिपच्या आत होता, सिलिकॉन आणि त्याच्या पाटीला जोडणाऱ्या बारीक थेंबांमध्ये. चिप आणि बोर्ड यांच्यामधल्या जोडात नव्हता. भाजून सुरू झालेला लॅपटॉप म्हणूनच थोड्याच दिवसांत परत मान टाकायचा. आज तर ते मॉडेलही उरलेले नाहीत, उपाय मात्र फिरतोच आहे.

फ्रीजरचं पुराण त्याच घराण्यातलं. खूप जुन्या डिस्कमध्ये डेटा वाचणारं हेड फिरत्या तबकडीला चिकटून बसायचं, गारव्याने क्वचित सुटायचं. आताच्या डिस्कमध्ये हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं आणि डिस्कला श्वास घ्यायला फिल्टर लावलेलं बारीक भोक असतं. फ्रीजरमधून बाहेर काढली की आतल्या हवेतली वाफ तबकडीवर धरते. त्यावरून हेड फिरवायचं म्हणजे असलेला डेटाही खरवडून काढायचा. आणि लॅपटॉपमध्ये एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) असेल, जी हल्ली बहुतेकांत असते, तर गारठवायला आत हलणारा भागच नाही. डिस्क टक-टक आवाज करत असेल तर एकच करायचं: वीज बंद, आणि पुन्हा चालू करून बघायचं नाही. तिथून पुढे डेटा रिकव्हरीवाल्याचं काम.

पहिल्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. बोर्डावर एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी चिप असते. पॉवर बटण, चार्जिंग, पंखा तीच सांभाळते. लॅपटॉप बंद असला तरी ती जागी असते आणि कधीकधी अडकते. वीज पूर्ण तोडली की ती नव्याने सुरू होते. पण ६० सेकंदांत काही विशेष नाही. चार्जर काढा, निघणारी बॅटरी असेल तर काढा, बटण ३० सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून चालू करा. आतली बॅटरी असेल तर तिच्या केबलसाठी पाठ उघडायच्या आधी तळाशी टाचणीएवढं रिसेटचं भोक आहे का बघा. काही मॉडेलमध्ये असतं. यूएसबीला लावलेलं सगळं, मेमरी कार्डसुद्धा, आधी काढून ठेवा. दिवाच लागत नसेल तर हा उपाय करून बघण्यासारखा. निळी स्क्रीन येत असेल तर कंट्रोलर ठणठणीत आहे, बटण दाबून अंगठा दुखण्याशिवाय काही होणार नाही.

खोडरबर अर्धा बरोबर. रॅम काढून परत घट्ट बसवणं हा खरा उपाय, घासणं नव्हे. रबर सोन्याचा पातळ मुलामा झिजवतो आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं, धागे न सुटणारं कापड पुरतं. त्याआधी बॅटरीची केबल काढलेली हवी, नाहीतर चालू बोर्डावर हात घालताय. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, दोन्ही स्लॉटमध्ये. डीडीआर ५ ही नव्या पिढीची रॅम असेल तर बसवल्यावर पहिल्या वेळी स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. यंत्र रॅमची चाचपणी करत असतं, त्याला घाबरून बंद करू नका. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तिथे हा मुद्दा संपला.

चार्जर: गोल पिनच्या चार्जरचा व्होल्टेज लॅपटॉपखालच्या आकड्याशी जुळायला हवा, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाहीत. पिन बसली म्हणून व्होल्टेज जुळला असं होत नाही. यूएसबी-सीमध्ये दोन्ही बाजू व्होल्टेज आपसात ठरवतात, त्यामुळे धोका कमी, पण ४५ वॉटच्या चार्जरवर १३० वॉटचं यंत्र उठलं नाही तर ते बिघडलंय असं नाही. एवढं पुरे.

काळ्या स्क्रीनबद्दल निरोपात वेगळा मुद्दा नाही, पण सगळा निरोप गृहीत धरतो की मदरबोर्ड गेला. कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र जिवंत आहे, फक्त दिसत नाही. अंधारात स्क्रीनवर तिरकी टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) गेलाय. एचडीएमआयने दुसरा मॉनिटर लावा. तिथे चित्र आलं तर बोर्ड सुटला, दोष पॅनलमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये. तीनही तपासण्या मिळून पाच मिनिटं, आणि एकही स्क्रू काढावा लागत नाही.

बायोसचा सेल. काढल्याने घड्याळ चुकतं, ते किरकोळ. पण डिस्कच्या कंट्रोलरची सेटिंगही मूळ पदावर जाते. विंडोज रेड पद्धतीत (डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती, रेड आणि एएचसीआय) टाकलेलं असेल आणि सेटिंग एएचसीआय झाली, किंवा उलट, तर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' अशी निळी स्क्रीन येते. म्हणजे होता तो बिघाड राहिलाच, वर नवा एक घेतला. शिवाय बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर सेटिंग बदललेल्या दिसताच ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच यंत्रांत डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते. मालकाला पत्ताही नसतो. ती की बहुधा त्याच खात्यात जमा असते. सेलला हात लावण्याआधी दुसऱ्या फोनवरून खातं उघडून ती कागदावर उतरवून घ्या.

आणि रिसेट. 'कीप माय फाइल्स' निवडलं तर वैयक्तिक फाइल्स राहतात, हे खरं. प्रोग्रॅम जातात, हे निरोपात नाही. आणि डिस्कच मरायला टेकलेली असेल तर रिसेट तिच्यावर गीगाबाइटच्या गीगाबाइट लिहायला लागतं. त्यातच ती गेली तर कुठला पर्याय निवडला होता याला अर्थ उरत नाही. चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमचंही तेच, दुरुस्तीच्या पर्यायासह चालवला तर आजारी डिस्कवर तो पूर्ण पृष्ठभाग वाचत तासन्‌तास घासत बसतो आणि वर फाइल्सची रचनाही बदलतो.

विंडोज अडकत असेल तर रिसेटच्या अलीकडे बऱ्याच पायऱ्या आहेत. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत स्पष्ट आहे की सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ दोनदा फसला की विंडोज स्वतःच रिकव्हरीत जातं. म्हणजे ठिपके फिरत असताना बटण दाबून दोनदा बंद करायचं, तिसऱ्यांदा निळा मेन्यू येतो. स्क्रीनवर अपडेटची टक्केवारी दिसत असेल तेव्हा मात्र हे करू नका. त्या निळ्या मेन्यूत ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि आधी स्टार्टअप रिपेअर. मग, बिघाड अपडेटनंतर आला असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्स. मग स्टार्टअप सेटिंग्जमधून ४ दाबून सेफ मोड. रिसेट या रांगेत शेवटचा, आणि डेटा बाहेर काढल्याशिवाय तर नाहीच.

राहिला दुकानदार लपवतात हा आरोप. डेल, एचपी, लेनोवो या तिघांच्या सर्व्हिस मॅन्युअल त्यांच्याच संकेतस्थळांवर फुकट आहेत. लॅपटॉपच्या तळावरचा मॉडेल क्रमांक टाकला की मिळतात. कुठला स्क्रू कुठे, बॅटरीची केबल कुठली, आणि सगळ्यात कामाचं म्हणजे लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ. डेलच्या बऱ्याच मॉडेलवर दिवा दोनदा पिवळसर आणि तीनदा पांढरा लुकलुकला तर रॅम सापडत नाहीये. एचपीच्या अनेक मॉडेलवर तीनदा लांब लाल आणि दोनदा छोटा पांढरा म्हणजेही दुखणं रॅमचंच. यंत्र स्वतः ओरडून सांगतंय काय दुखतंय, आणि आपण त्याला ड्रायर मारतोय.

पुतणीचा लॅपटॉप कंपनीच्या चिन्हावर अडकतो. बॅटरीची केबल काढून एसएसडी बाहेर, एम.२ एनव्हीएमई (तिच्या एसएसडीचा प्रकार) साठीच्या यूएसबी केसमध्ये (साटा या जुन्या प्रकारची केस वेगळी असते, ती चालत नाही), आणि दुसऱ्या लॅपटॉपला. की मागितली तर ४८ अंक. मग प्रबंधाचं फोल्डर दोन ठिकाणी कॉपी. तेवढं झालं की, काका, तुमचा पहिला उपाय करायला माझी हरकत नाही. तीस सेकंद, साठ नाही.