पाच टक्के गेले कुठं?

चहाचा ग्लास अजून हातातही आला नव्हता, तेवढ्यात टपरीवाल्यानं विचारलं, "काय भाऊ, ह्या महिन्यात किती उतरलं?" मला वाटलं, वजनाचं विचारतोय. मी खुशीत म्हणालो, "दिसतंय का?" तर म्हणे, "नाही बे, तुमच्या त्या गेमचं. अप्पा सांगत होते, ७१ टक्के झालं होतं ते ६६ वर आलंय. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत सगळं संपतंय की." बाकावरचे दोन रिक्षावाले मनापासून हसले. त्यातल्या एकाला तर मी ओळखतही नाही.

प्रकरण थोडक्यात असं. आम्ही चौघं मिळून मराठीत एक व्हिज्युअल नॉव्हेल करतोय. पडद्यावर चित्र, चित्रापुढं पात्रं, खाली संवाद. मधेच वाचणाऱ्याला विचारायचं की आता काय करायचं, आणि तो निवडेल तिकडं गोष्ट न्यायची. नातेवाइकांना 'गेम' म्हणून सांगितलं तर ते विचारतात गोळ्या कुठं मारायच्या, आणि 'कादंबरी' म्हटलं तर विचारतात छापणार कधी. गोष्ट सोलापूरचीच आहे: गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत घरी परतलेली मुलगी, तिचे मिलमधले आजोबा, आणि पाच वेगवेगळे शेवट. लिहिणं माझ्याकडं, चित्रं एका मैत्रिणीकडं, संगीत बँकेतल्या एका मित्राकडं आणि उरलेलं सगळं कोड चौथ्याच्या डोक्यावर. ओळखीच्या लोकांनी वर्गणी दिलीय, म्हणून दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर प्रगती अहवाल पाठवायचा. तो मी लिहायचा. का, तर "तू लेखक ना?"

खरं सांगतो, कादंबरीपेक्षा अहवालाला कल्पनाशक्ती जास्त लागते. 'पडद्यामागे बरंच काम सुरू आहे' म्हणजे मैत्रीण लग्नपत्रिकांत अडकलीय, कारण पत्रिकेचे पैसे मिळतात. 'संगीतावर अखेरचा हात फिरवत आहोत' म्हणजे बँकेत मार्चअखेर चालू आहे. 'काही तांत्रिक अडचणी दूर केल्या' हे वाक्य मात्र एकदा खरं होतं. आम्ही रेनपाय नावाचं इंजिन वापरतो. २००४ पासूनचं आहे, फुकट आहे, जगभरचे हौशी लोक त्यावरच गोष्टी रचतात. पण आम्ही जुन्या आवृत्तीवर सुरुवात केली तेव्हा त्याला देवनागरी झेपायची नाही. 'सिद्धेश्वर' लिहिलं की पहिली वेलांटी 'स' ला ओलांडून पलीकडं जाऊन बसायची, जोडाक्षरं फुटायची, हलन्त लोंबकळायचे. सोलापुरात बसून सिद्धेश्वराचंच नाव फुटकं! चौथा मित्र रात्र रात्र जागला. पुढं नव्या आवृत्तीत अक्षरं नीट सांधली जायला लागली, तेव्हा मी अहवालात त्यावर दोन परिच्छेद लिहिले. कुणी साधा अंगठासुद्धा दाखवला नाही. उलट एका मावशीनं खाली गुड मॉर्निंगचं फूल टाकलं.

आता अप्पा.

आमची खोली अशोक चौकाच्या बाजूला, एका बंद कारखान्याच्या वर. खाली पूर्वी चादरीचे माग होते. अप्पा मालकाचे चुलते. अर्धं आयुष्य मिलमध्ये गेलं, आणि मिल बंद पडल्यावर उरलेलं यंत्रमागावर जॉबर म्हणून. जॉबर म्हणजे माग अडला की ज्याच्या नावानं सगळे हाका मारतात तो माणूस. त्यांनी आम्हाला पाचशे एक रुपये वर्गणी दिली. बाकीचे वर्गणीदार अहवाल मोबाइलवर वाचतात, म्हणजे वाचत नाहीत. अप्पा जिना चढून प्रत्यक्ष येतात, पंख्याखालची एकुलती एक धड खुर्ची घेतात, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसतात आणि म्हणतात, "हां, वाच."

पहिल्या वेळी मी वाचलं, "पटकथा ऐंशी टक्के..."

"म्हणजे किती मीटर?"

"अप्पा, ह्यात मीटर नसतं."

"मग मोजता कशात?"

"शब्दांत."

"रोजचे किती पडतात?"

"रोज असं काही नाही. सुचेल तसं."

"सुचेल तसं." अप्पांनी चौथ्या मित्राकडं पाहिलं, ह्याला कामावर कुणी घेतलं अशा नजरेनं. "लूमवर माणूस सुचेल तसा धोटा मारायला लागला तर मालक काय म्हणेल बे?"

मग त्यांना फाटे समजावून सांगायची वेळ आली. ठिकठिकाणी दोन पर्याय दिले आणि प्रत्येक वाट शेवटपर्यंत खरंच वेगळी ठेवली, तर दहा प्रश्नांत १०२४ गोष्टी लिहाव्या लागतात. तेवढ्या कुणाचा बाप लिहिणार? म्हणून थोडं पुढं जाऊन वाटा परत एकत्र आणायच्या आणि कुणी काय निवडलं होतं याची आत नोंद ठेवायची. ती नोंद तिसऱ्या प्रकरणात उपयोगी पडते. आम्ही वर्गणीदारांसाठी याची आकृतीही काढली होती. इंजिनिअर असलेल्या माझ्या मेव्हण्यानं ती पाहून विचारलं, हा मेट्रोचा नकाशा आहे का. अप्पांनी आकृतीकडं बघितलंच नाही. म्हणाले, "म्हणजे जॅकार्डचे पुठ्ठे की."

जॅकार्डच्या मागावर वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असलं तर दोरा उचलतो, नसलं तर नाही, आणि या हो-नाहीतूनच खाली चादरीवर मोर उमटतो. "एक पुठ्ठा मागंपुढं झाला," अप्पा म्हणाले, "की मोराची मान एकीकडं आणि पिसारा दुसरीकडं. तुमचं पण तसंच होत असणार." तसंच होत होतं. त्याच आठवड्यात आमच्या नायिकेनं दुसऱ्या प्रकरणात न झालेल्या भांडणाबद्दल चौथ्या प्रकरणात माफी मागितली होती. अप्पांना काही कळलं नसतं तर मी त्यांना माफ केलं असतं. त्यांना बरोबर कळलं, याचाच मला राग येतो.

आणि कळतं म्हणूनच मागच्या खेपेला घात झाला. मैत्रिणीनं नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं मोठं चित्र संपवलं होतं. सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, ६८ लिंगांच्या वाटेवरची गर्दी, बारा बंदांच्या पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी. अहवालात त्याच्यापुढं मी 'पूर्ण' लिहिलं होतं. 'पूर्ण' हा शब्द आमच्या अहवालात इतका दुर्मीळ आहे की मी तो ठळक केला होता. अप्पांनी टॅब हातात घेतला, नाकाला लावला, मग लांब धरला.

"पोरी, हे बंद तू काढलेस काय?"

"हो अप्पा."

"मोज."

आम्ही चौघं वाकून मोजायला लागलो. पुढच्या रांगेतल्या एकाच्याही बंदांचा हिशेब जुळत नव्हता. डावीकडच्या माणसाला तर चक्क गुंड्या होत्या.

"हा शर्ट घालून ध्वज धरालाय होय?"

मैत्रीण जुळे सोलापूरची. गड्डा लहानपणापासून बघितलेला, पण पाळण्यात बसून. ती काही बोलली नाही. फाइल उघडली आणि पेन हातात घेतलं. ते चित्र सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र आणि शोभेच्या दारूच्या उजेडात अशा पाच रूपांत वापरलेलं होतं. पाचही रूपं 'पूर्ण' मधून उठून 'चालू' मध्ये जाऊन बसली. ७१ चे ६६ झाले ते असे. अप्पांनी स्वतःच्या हातानं आमचे पाच टक्के काढले, जिना उतरले आणि टपरीवर जाऊन सांगितलं की पोरांचं काम उलटं चाललंय.

मी त्यांना गाठलं. "अप्पा, ते टक्के तुमच्यामुळं गेले."

"माझ्यामुळं? गुंड्या मी लावल्या काय?"

यावर काय बोलणार? आणि गुंड्या नसत्या तरी आकडा उतरतोच. एक नवा प्रसंग सुचला की एकूण काम वाढतं, म्हणजे झालेलं काम तेवढंच राहून टक्के घसरतात. ज्या महिन्यात मी सर्वात जास्त लिहिलं, त्या महिन्यात अहवाल सर्वात वाईट दिसला. आणि हे हसतं कोण, तर सोलापूरकर! आमचं उजनी धरण उन्हाळ्यात मृतसाठ्यात गेलं की टक्केवारी शून्याच्याही खाली उतरते, आणि 'उजनी उणे इतके टक्के' ही बातमी लोक चहात बिस्किट बुडवत वाचतात. पावसाळ्यात तेच धरण शंभराच्या वर जातं, फोटो छापून येतात, आणि आमच्या नळाला पाणी तरीही काही दिवसांआडच. कुणी हसत नाही. चार माणसं नोकरी सांभाळून, रात्री ४० अंशांत तापलेल्या पत्र्याखाली, स्वतःच्या खिशातून वीजबिल भरून एक वस्तू घडवतात, त्यांचे पाच टक्के मात्र आख्ख्या पेठेला पाठ.

आणि हिशेब विचारणारेच वर सांगतात, "तुमच्या त्या चित्रवालीला आमच्या नातीचं एक चित्र काढायला सांग की, तिला काय, पाच मिनिटांचं काम." पाच मिनिटं! तिनं एकदा तसं चित्र काढून दिलंही. तर म्हणे, नाक आईवर गेलंय, बापावर जायला पाहिजे होतं. बदलून दे. पैशाचं विचारलं तर घरचंच आहे की. सुताराला कुणी असं म्हणत नाही. म्हणून बघावं एकदा, रंधा कुठून येईल ते कळेल.

असो. काल अप्पा परत आले. अहवालाची तारीख नव्हती. म्हणाले, "ते शेवट वाचून दाखव." मी पाचही शेवट वाचले. मुलगी पुण्याला परत जाते, जात नाही, लग्न करते, आजोबांच्या खोलीत राहते, आणि एकात नुसतीच तळ्याकाठी बसते. अप्पांनी ऐकून घेतलं.

"सगळ्यात मिल बंदच?"

"अप्पा, झालीच ना बंद."

"ते मला सांगू नको. मी होतो तिथं." चष्मा काढून त्यांनी परत पुसला. "गेम आहे म्हणतोस ना? बटण दाबलं की वेगळं होतंय म्हणतोस ना? मग एकात चालू ठेव की."

मी डोक्यात हिशेब केला. १८७७ साली सोलापुरात पहिली मिल निघाली, तेव्हापासूनचा भोंगा त्यात वाजवायचा म्हणजे नवा आवाज लागणार. चालू मागांची चित्रं लागणार, पाळी सुटल्यावरची गर्दी लागणार, आणि त्या गर्दीचे कपडे अप्पा मोजणार. ६६ चे ६१ तरी होणार. मी म्हणालो, "अप्पा, असला शेवट लोकांना पटायचा नाही."

"माझे पाचशे एक परत दे मग."

पाचशे एकचा हेडफोन आलाय. तो बँकवाल्याच्या कानात होता, त्यामुळं त्याला यातलं काही ऐकूच आलं नाही. चौथा मित्र माझ्याकडं न बघता फाइलीत 'शेवट_६' असं नवं लेबल टाकून मोकळा झाला.

"बरं," मी म्हणालो, "मिल चालू राहते. भोंगा होतो, सगळे पाळीला जातात. झालं?"

"आणि बोनस?"

"अप्पा, गोष्टीचा शेवट आहे हा. कराराचा मसुदा नाही."

अप्पा उठले, जिन्याच्या कठड्याला हात लावला आणि मागं वळले. "८.३३. कायद्यात कमीत कमी तेवढा आहे. तुझ्या टक्क्यांगत तो खाली आणलास तर बघ."