‘एचआरला विचारून सांगतो’

आमच्या कंपनीत सध्या ‘अनामिक’ सर्व्हे चालू आहे. नाव लिहायचं नाही, मोकळेपणाने लिहा, तुमचं उत्तर कुणालाही कळणार नाही, असं वर ठळक अक्षरांत लिहिलंय. खाली पहिले तीन प्रश्न असे: डिपार्टमेंट कोणतं? स्त्री की पुरुष? वयोगट? परचेसमध्ये आम्ही चौघं. त्यात बाई एक. पन्नाशी ओलांडलेलीही तीच. एवढ्या तीन खुणा केल्यावर मी नाव लिहिलं काय आणि आधार नंबर लिहिला काय!

तो फॉर्म अजून भरलेला नाही. भरायला बसले की भलतंच काहीतरी आठवतं, म्हणून आधी इथेच लिहून टाकते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, या कारखान्यात मला सव्वीस वर्षं झाली. ट्रान्सफॉर्मरला लागणारे भाग आम्ही बनवतो. मी आले तेव्हा इथे एचआर नव्हतं, ‘टाइम ऑफिस’ होतं. गेटमधून आत शिरलं की डावीकडची खोली, कुरकुरणारा पंखा, त्याच्याखाली एक भाई आणि त्यांचं लाल रजिस्टर. हजेरी, ओटी, पीएफचे फॉर्म, ॲडव्हान्सची कपात, सगळं त्यांच्याकडे. बोलायला तिरसट माणूस, पण कोणाच्या पोरीचं लग्न कधी आहे ते रजिस्टर न उघडता सांगायचे. आता त्या जागी काचेची केबिन आहे, भिंतीवर ‘वी आर अ फॅमिली’ असं रंगवलंय, आत सहाजण बसतात. सहाही मुलं गुणी आहेत, हे आधीच सांगते. उद्या कोणी ही पोस्ट त्यांना नेऊन दाखवलीच तर गैरसमज नको.

गेल्या उन्हाळ्यात स्टोअरमधल्या एकाचे काका गेले. काका म्हणजे बापच. वडील तो लहान असतानाच गेलेले. दांडियाबाजारातल्या वाड्यात काकांनी त्याला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. काकांना मूल नाही. म्हणजे अग्नी यानेच द्यायचा, दहावं-तेरावं यानेच करायचं, अस्थी घेऊन चांदोदला जायचं तेही यानेच. आमच्या पॉलिसीत शोकरजा पाच दिवसांची आहे. पण कुटुंब म्हणजे आईवडील, नवरा-बायको आणि मुलं. काका त्यात बसत नाहीत.

त्याने साहेबांना फोन केला. साहेब चांगले आहेत, अगदी मनापासून सांगते. ते म्हणाले, “माझी काही ना नाही रे, पण एचआरला विचारून सांगतो.” एचआरने पॉलिसीतला उतारा पाठवला आणि खाली लिहिलं, अपवाद करायचा तर मॅनेजरने ठरवावं. साहेबांनी लिहिलं, एचआरने मान्यता दिली तर माझी हरकत नाही. एचआरने लिहिलं, आपली शिफारस आली तर विचार करता येईल. असे सात मेल झाले. प्रत्येकाची सुरुवात सांत्वनाच्या ओळीने. इकडे काकांना खासवाडीच्या स्मशानात नेऊनसुद्धा झालं होतं. शेवटी रजा बिनपगारी लागली.

या प्रकरणात वाईट माणूस कोण? मी खूप शोधला, एकही सापडेना. पॉलिसी लिहिणाऱ्याने पाच दिवस तरी दिले होते, पूर्वी ही रजा नव्हतीच. एचआरच्या मुलीने नियम वाचून दाखवला. साहेबांनी ना म्हटलं नाही. फक्त ‘जा’ म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. पूर्वीच्या आमच्या मॅनेजरला असं विचारलं असतं तर तो खेकसला असता, “इथे उभा काय राहिलास, घरी जा,” आणि हजेरीचं टाइम ऑफिसशी परस्पर मिटवलं असतं. एचआरचा वाढता दबदबा म्हणतात तो मला अशा ठिकाणी दिसतो. केक, रांगोळी, नवरात्रीतले नऊ रंग यांच्यात नाही. ते होऊ दे, मलाही रंगीत साड्या नेसायला आवडतात. पण माणसाकडे बघायचं काम एका खात्याला दिलं आणि बाकी सगळे मोकळे झाले, ते मला सलतं.

बाबा इथल्याच एका मोठ्या कारखान्यात होते. मी दहाएक वर्षांची असताना आजी गेली, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी बजाज स्कूटरवरून एक गृहस्थ दारात. सगळे त्यांना ‘वेल्फेअरसाहेब’ म्हणत. ओट्यावर बसले, आईने दिलेलं पाणी घेतलं, क्रेडिट सोसायटीतून काढून आणलेला ॲडव्हान्स बाबांच्या हातात दिला, कुठेतरी सही घेतली आणि गेले. दहा मिनिटं. बाबांनी पुढे आयुष्यभर त्या दहा मिनिटांचा हिशोब सांगितला.

मला वाटायचं, मोठ्या मनाचा माणूस असेल. असेलही. पण त्याच्यामागे कायदाही होता, हे मला फार उशिरा कळलं. १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टच्या ४९ व्या कलमाने पाचशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर नेमणं सक्तीचं केलं. पगार मालक देणार, पण त्याची कामं, पात्रता आणि नोकरीच्या अटी ठरवायचा अधिकार राज्य सरकारला. अनेक राज्यांच्या नियमांत तर स्पष्टच होतं की या माणसाने कामगाराविरुद्धच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात हात घालायचा नाही आणि कंपनीच्या वतीने कामगाराविरुद्ध कोर्टात उभं राहायचं नाही. केवढी शहाणी अट आहे ही! ज्याच्यापाशी माणूस दुखणं सांगणार, त्याच्याच हातात छडी नको. आज आमच्या काचेच्या केबिनीत तक्रार ऐकणारी, शो-कॉज नोटीस टाइप करणारी आणि शुक्रवारी अंताक्षरी घेणारी व्यक्ती एकच असते. तिने काय करावं? सकाळी तिच्यासमोर रडलेली बाई संध्याकाळी तिच्याकडून पत्र घेते.

अर्थात वेल्फेअरसाहेब म्हणजे काही संत नव्हे. संप जवळ आला की बाबाच त्यांना ‘मालकाचा माणूस’ म्हणायचे.

याची मुळं आणखी मागे जातात. गिरण्यांच्या काळात कामगार भरायचा तो जॉबर. कामावर घ्यायला पैसे, कामावर ठेवायला पैसे, रजेवरून परत घ्यायला पुन्हा पैसे. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली कमिशनने १९३१ मध्ये सांगितलं की जॉबरच्या हातातून भरती काढा आणि लेबर ऑफिसर नेमा. १९३६ मध्ये मुंबईत टाटांची सोशल वर्कची शाळा निघाली, तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. आमच्या बडोद्यात सयाजीराव विद्यापीठाची सोशल वर्क फॅकल्टी आहे. आज तिथे एमएसडब्ल्यूच्या जोडीला एमएचआरएमही शिकवतात, आणि मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. समाजसेवा आणि मनुष्यबळ व्यवस्थापन एका छपराखाली! फतेगंजातून जाताना त्या बाजूला नजर गेली की वाटतं, या दोन वर्गांतली पोरं एकाच कॅन्टीनला चहा पीत असतील ना?

मग १९७५ च्या सुमारास आयआयएम अहमदाबादचे उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी एल अँड टीसाठी वेगळ्या एचआरडी, म्हणजे मनुष्यबळ विकास, खात्याची आखणी केली, आपल्या देशातलं पहिलं. कल्पना उत्तमच होती: हजेरी-पगाराच्या पलीकडे जाऊन माणसाला वाढू द्यायचं. ‘पर्सोनेल’चं ‘ह्यूमन रिसोर्स’ झालं. रिसोर्स म्हणजे संसाधन. मी परचेसवाली, मला संसाधन म्हटलं की रेट, लीड टाइम आणि स्क्रॅप व्हॅल्यू आठवते. काय करणार, सवय.

आता कोणी खाली कमेंटमध्ये ‘जुनं ते सोनं’ लिहायच्या आत थांबवते. जुन्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांनी तेव्हा बायकांना काही विचारलं नव्हतं. मी लागले तेव्हा आमच्या मजल्यावर बायकांचं टॉयलेट नव्हतं, दोन शेड ओलांडून जावं लागायचं. एका सुपरवायझरला चेष्टा करायची सवय होती, आणि ती कसली चेष्टा ते बायकांनी ओळखावं. सांगायचं कुणाला? टाइम ऑफिसच्या भाईंना? ते त्याच्याबरोबर रोज सेव-उसळ खायला जायचे. बाबांचं प्रमोशनही चार वर्षं अडलं होतं, कारण फोरमनची मर्जी नव्हती आणि कागदावर काहीच नव्हतं. खेकसून रजा देणारा मॅनेजर दुसऱ्या कोणाला तसाच खेकसून घालवूनही द्यायचा. मर्जी दोन्हीकडून चालते. कागद आला, नियम आला, हे फार बरं झालं.

कामाच्या जागी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. आमच्याकडच्या समितीवर मी आहे. आत काय चालतं ते सांगता येत नाही, सांगणारही नाही. पण एक सांगते: ही समिती कायद्याने एचआरची नाही, आणि तरी दहातल्या नऊजणी आधी एचआरच्या केबिनीत जातात. कारण त्यांना वाटतं, या इमारतीत माणसाचं काहीही असलं की ते त्याच दारातून जातं.

अप्रेझलचं सांगायलाच हवं. आमच्याकडे बेल कर्व्ह आहे. म्हणजे दरवर्षी काही जण ‘उत्कृष्ट’, बरेच ‘ठीक’ आणि काही ‘सुधारणा आवश्यक’ निघालेच पाहिजेत. हजार माणसांत हे एक वेळ समजू शकते. मायक्रोसॉफ्टने असलं प्रकरण २०१३ मध्ये सोडून दिलं म्हणतात, ते आमच्याकडे त्यानंतर आलं. परचेसमध्ये माणसं चार! चारात एक नापास काढायचाच. मग साहेबांनी काय केलं असेल? भिशी लावली. एका वर्षी माझा नंबर, पुढच्या वर्षी दुसऱ्याचा. “बेन, यंदा तुम्ही घ्या, त्याच्या घराचं लोन पास व्हायचंय.” मी घेतलं. मग एचआरने मला ‘संवादकौशल्य’ या विषयाच्या ट्रेनिंगला बसवलं. शिकवणारा मुलगा पंचविशीचा. गोड होता बिचारा. दुपारपर्यंत मीच त्याला व्हेंडरशी भाव कसा करायचा ते शिकवत होते.

आणखी एक फर्मान आलं होतं: साहेब, भाई, बेन बंद, सगळ्यांना नुसत्या नावाने हाक मारायची. म्हणे उतरंड मोडते. बडोद्यात! इथे रिक्षावाल्याला ‘भाई’ आणि बाजारातल्या भाजीवालीला ‘बेन’ म्हटल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. आम्हा मराठी माणसांच्याही जिभेला हे तीन पिढ्यांत चिकटलंय. दोन आठवडे सगळे एकमेकांना हाकच मारेनात. जवळ जाऊन खाकरायचे. मग ते आपोआप विरलं. उतरंड मात्र शाबूत आहे, पार्किंगमध्ये बघा.

आणि हो, कॉन्ट्रॅक्टवाले. कायम माणसं आमच्याकडे शंभर-सव्वाशे, कॉन्ट्रॅक्टवाले त्याच्या दुपटीहून जास्त. त्यांचा शर्ट वेगळ्या रंगाचा. वाढदिवसाचा केक त्यांच्यासमोर कापला जातो, पण यादीत नाव नसतं. सर्व्हेची लिंक त्यांना येत नाही. ‘फॅमिली’तही ते नाहीत. शोकरजेच्या व्याख्येतल्या काकांसारखेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचंय, आणि वेल्फेअर ऑफिसरची मर्यादा पाचशेवरून अडीचशेवर आणलीय. सगळे शर्ट मोजले तर आमचा कारखानाही त्यात यायला हवा. माझा आपला अंदाज असा की त्या सहातल्याच एकाच्या नावापुढे तेवढे दोन शब्द वाढतील.

माझी भाची याच कामात आहे, हालोलकडच्या एका कंपनीत. मध्यंतरी रविवारी आली, जेवताना मी हे सगळं तिला ऐकवलं. ती आधी चिडली. मग म्हणाली, “मावशी, मागच्या महिन्यात एका दुपारी मी सातजणांना ‘उद्यापासून येऊ नका’ सांगितलं. यादी वरून आली. त्यांचे मॅनेजर त्या दिवशी ‘टूर’वर. निर्णय वरचा, सही वरची, चेहरा तेवढा माझा.” सातव्या माणसाने तिलाच पाणी विचारलं, म्हणाली. आमटी निवत होती. मी तिला वाढत राहिले, दुसरं काय करणार? निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, “तुझ्या त्या स्टोअरवाल्याच्या रजेचं मी असते तर मीही तोच उतारा पाठवला असता. एकाला दिली की मला दहाजणांना उत्तर द्यावं लागतं. साहेबाला फक्त एकालाच द्यायचं असतं.”

हे मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही. पण मग साहेबाने एकाला तरी द्यावं की नको?

स्टोअरवाला तेराव्यानंतर कामावर आला. डोकं केलेलं, वर टोपी. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने, तोही कॉन्ट्रॅक्टचाच, पंच करायच्या आधी त्याला थांबवून विचारलं, “कोण गेलं भाई?” आणि दोघं तिथेच बोलत उभे राहिले. मशीनने त्याची चार मिनिटं लेट टाकली.

हे लिहीत असताना मघाशी एचआरची ती मुलगी टेबलापाशी येऊन गेली. सर्व्हेची मुदत आज सहापर्यंत. अगदी अदबीने, हळू आवाजात म्हणाली, “बेन, तमारुं एक ज फॉर्म बाकी छे.”