प्रतिक्रियेला उत्तर: पाटातला गाळ कोण काढतो?

नमस्कार काका,

पाकिस्तानच्या ताब्यातल्या गिलगिट भागात आगाखान फाउंडेशनने (मुख्यालय जिनिव्हात) केलेल्या ग्रामविकासाच्या कामावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "पैसा जिनिव्हाचा, वर इमामाचा शब्द. मग गावाने ठरवलं म्हणणं ढोंग आहे. पैसा ज्याचा, गाव त्याचं."

इमामाचं आधी. गिलगिटजवळच्या हुंझा खोऱ्यात बहुसंख्य इस्माइली पंथाचे मुसलमान, आणि आगाखान त्यांचे इमाम, म्हणजे धर्मप्रमुख. तिथे संस्थेच्या माणसांना दारं पटकन उघडली, हे मी लेखात लिहायला हवं होतं. चूक मान्य. पण काम फक्त इस्माइली गावांत नव्हतं. शेजारच्या इतर शिया आणि सुन्नी वस्त्यांत आगाखान हेच नाव अडचणीचं ठरलं, लोक सुरुवातीला संशयानेच बघत. तरी तिथेही ग्रामसंघटना झाल्या.

आता पैसा. फाउंडेशनचा तिथला ग्रामविकास कार्यक्रम सुरू झाला १९८२ च्या अखेरीस. प्रमुख शोएब सुलतान खान गावोगाव जाऊन एकच बोलणं करायचे: घरटी माणूस घेऊन संघटना करा, नियमित बैठक घ्या, बैठकीत जमेल तेवढी बचत टाका, गावातलीच माणसं शिकायला पाठवा. हे कबूल असेल तर सगळ्यांनी बसून गावाच्या उपयोगाचं एक काम निवडा. त्याला अनुदान मिळेल, एकदाच. देखभाल तुमची.

पुष्कळ गावांनी पाट निवडला. त्या भागात पाऊस नावालाच; हिमनदीचं वितळलेलं पाणी कडा फोडून काढलेल्या पाटाने शेतात आणायचं, आणि पाट गाळाने भरतो. पूर्वी मीरचा, म्हणजे हुंझाच्या संस्थानिकाचा, हुकूम सुटला की गाव वेठीला निघायचं. १९७४ मध्ये हुंझाचं संस्थान खालसा झालं, वेठ गेली. सुटले बिचारे! पण माणसं एकत्र बोलावणारंही कोणी उरलं नाही. गावाला सिमेंट कमी पडत होतं त्याहून ही उणीव मोठी होती, आणि फाउंडेशनने पैसे ओतण्याआधी ती भरायला सांगितली. म्हणून मला त्यांचं काम वेगळं वाटतं.

उलटं कसं दिसतं तेही सांगते. आमच्या तालुक्यात एका संस्थेने (नाव नको) एका वाडीला शिलाई मशिनं दिली. बायका मागत होत्या पाण्याची टाकी. मशिनं समाजमंदिरात आहेत, फोटो काढल्या दिवसापासून प्लास्टिक न काढलेली. एकीवर आता भजनी मंडळाचे टाळ ठेवतात. तुमचं वाक्य तिथे तंतोतंत लागू पडतं.

आणि काका, तुमच्या गावातल्या बचत गटाचंही गिलगिटशी दूरचं नातं आहे! नव्वदीच्या दशकात शोएब खान यूएनडीपीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेच्या) दक्षिण आशियातल्या दारिद्र्य निर्मूलन कार्यक्रमात होते. त्यातलं भारतातलं काम आंध्रात झालं, पुढे त्यातून 'वेलुगु' हा तिथल्या सरकारचा दारिद्र्य निर्मूलन प्रकल्प उभा राहिला, आणि आंध्रच्या या अनुभवाचा मोठा वाटा २०११ च्या राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात आहे. आपल्याकडे त्याला 'उमेद' म्हणतात. बचत गट आपल्याकडे आधीही होते, माविमचं (महिला आर्थिक विकास महामंडळाचं) काम आहेच. पण गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ ही घडी उमेदची.

माझी मावशी तिच्या गटाची अध्यक्ष. मागच्या महिन्यात बैठकीला उशिरा पोचली तर सचिवबाईंनी वही पुढे सरकवली, "पाच रुपये, ताई." कुरकुरली, पण भरले. गटाचा फिरता निधी सरकारचा, कर्ज बँकेचं. दंड कुणाला लावायचा हे मात्र ना दिल्ली ठरवते ना बँक.

तुम्ही न घेतलेला एक आक्षेप मला जास्त टोचतो. अनुदानाचं काम पुरं झालं की गिलगिटमधल्या बऱ्याच ग्रामसंघटना थंडावल्या. २००२ मध्ये बचत-कर्जाचा व्यवहार वेगळ्या मायक्रोफायनान्स बँकेकडे गेला, तेव्हा बैठकीला यायचं आणखी एक कारण गेलं. चोख व्यवहारासाठी बँक हवी, हे पटतं. पण वही गावातून उठली की गाव जमतं कशासाठी? मला अजून याचं समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

इमामाबद्दलचा परिच्छेद मूळ लेखात आज घातला आहे. वाचून बघा, अजून कुठे मी हात आखडता घेतला असेल तर सांगा.